गिनीपिगच्या पिंजऱ्यात काय अंथरावे? नवख्या पालकांसाठी परवडणारी वाट

गिनीपिग घरी आणणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा हिशेब प्राणी, पिंजरा, पाण्याची बाटली आणि खाद्य एवढ्यावर संपतो. तळाशी काय घालायचे हा प्रश्न दुकानदार एक पिशवी हातात देऊन सोडवतो, आणि पाचव्या दिवशी ती पिशवी संपली की खर्च कुठे होणार आहे ते कळते. प्रौढ गिनीपिगचे वजन साधारण पाऊण ते सव्वा किलो असते. दिवसभरात तो शंभरावर लेंड्या टाकतो आणि लघवीसाठी मांजरासारखा एका ठरावीक जागी जाऊन बसत नाही. हा कळपातला प्राणी असल्याने एकटा ठेवणे त्याच्यावर अन्यायच आहे; म्हणजे निदान दोन पाळायचे आणि पसाराही दुप्पट धरायचा. त्याचे आयुष्य पाच ते आठ वर्षांचे असते, हे लक्षात घेतले तर पिंजऱ्याची किंमत किरकोळ ठरते आणि अंथरुणाची महत्त्वाची.

कोणते अंथरूण स्वस्त, हे पिशवीवरच्या किमतीवरून ठरत नाही. लघवी कुठे पडते, कुठे मुरते आणि ती जागा आपण किती दिवसांनी बदलतो यावरून ते ठरते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. खरेदीला निघण्यापूर्वी निदान पहिल्या तीन वाचाव्यात.

पायरी पहिली: अंथरुणाचे काम समजून घ्यावे

सशाच्या तळपायांना केसांची गादी असते, गिनीपिगचे तळवे मात्र उघडे असतात. पुढे चार आणि मागे तीन बोटे असलेले हे नाजूक पाय तारेच्या जाळीवर, खरखरीत फरशीवर किंवा सतत ओलसर कापडावर राहिले की तळव्याची कातडी आधी लाल होते, मग सोलवटते, आणि तिथून जंतू आत शिरले तर सूज हाडापर्यंत पोहोचू शकते. हे दुखणे बरे व्हायला फार वेळ घेते. म्हणून अंथरुणाचे पहिले काम म्हणजे पायांखाली मऊ आणि कोरडा थर देणे.

दुसरे काम फुप्फुसे सांभाळण्याचे आहे. गिनीपिग केवळ नाकाने श्वास घेतो. त्याने तोंड उघडून श्वास घ्यायला सुरुवात केली, तर प्रकृती हाताबाहेर चालली आहे असे समजावे. लघवीतल्या युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात, हवा उष्ण आणि दमट असली की ही क्रिया वेगाने होते, आणि गिनीपिगचे नाक त्या ओल्या थरापासून जेमतेम दोन इंचांवर असते. उभ्या माणसाला खोलीत वास येत नाही, याचा अर्थ पिंजऱ्याच्या तळाशी वास नाही असा होत नाही. अमोनियाने नाकाच्या आतले आवरण दुखावले की न्यूमोनियाच्या जंतूंना वाट मोकळी होते. धुळीचा परिणामही असाच असतो. म्हणून लघवी शोषून घेणारे, पण स्वतः धूळ न सोडणारे अंथरूण हवे. या दोन अटी एकत्र पुऱ्या करणारे साहित्य फार थोडे आहे, आणि स्वस्त म्हणून सुचवले जाणारे बरेचसे साहित्य दुसऱ्या अटीवर नापास होते.

पायरी दुसरी: पिंजरा मोजावा आणि लिटरमध्ये विचार करावा

दोन गिनीपिगांसाठी किमान साडेसात चौरस फूट सपाट जागा असावी असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद पिंजऱ्यात आठ चौरस फूट मिळतात. बाजारात पक्ष्यांसाठी किंवा सशांसाठी म्हणून मिळणारे जाळीच्या तळाचे पिंजरे याच्या निम्मेही नसतात. असा पिंजरा आधीच घेतला असेल, तर निदान जाळीवर सपाट पत्रा किंवा प्लॅस्टिकची शीट घालून ती पूर्ण झाकावी.

आठ चौरस फुटांवर दोन इंच जाडीचा मोकळा थर पसरायचा झाला, तर सुमारे अडतीस लिटर अंथरूण लागते. दर आठवड्याला ते पूर्ण बदलले, तर महिन्याला एकशे साठ लिटरांहून अधिक झाले. दुकानातल्या पिशव्यांवर कधी वजन लिहिलेले असते, कधी लिटर, आणि दाबून भरलेल्या पिशवीवर कधी दाबलेले आकारमान तर कधी मोकळे झाल्यानंतरचे आकारमान छापलेले असते. तुलना करायची ती मोकळ्या लिटरचीच करावी. पिशवीवर तसे लिहिलेले नसेल, तर एक छोटी पिशवी आणून घरच्या बादलीत मोकळी करावी. बादली किती लिटरची आहे हे आपल्याला ठाऊक असतेच, त्यामुळे पाच मिनिटांत उत्तर मिळते.

तळाला पाणी न झिरपणारा थर लागतो. प्रचाराचे फलक ज्याच्यावर छापतात ती सनपॅक शीट यासाठी उत्तम आहे: हलकी, धुता येणारी, आणि चारही कडा तीन-चार इंच वर दुमडल्या की तिचा ट्रे होतो. जुन्या फ्लेक्सचा तुकडाही चालतो, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स आपल्याकडे कमी नाहीत. मात्र त्याची कड गिनीपिगच्या दातांना लागणार नाही अशी खाली दाबून घ्यावी, कारण ते प्लॅस्टिक पोटात जाता कामा नये.

पायरी तिसरी: काय आणू नये ते आधी ठरवावे

सुताराकडचा भुसा फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळतो, म्हणून नवख्यांची पहिली धाव तिकडे असते. माझीही तिकडेच होती. पोतेभर भुसा आणला, पिंजऱ्यात पसरला आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही गिनीपिग एकामागून एक शिंकू लागले. पोते उन्हात उलटे करून पाहिले, तेव्हा त्यात प्लायवुडचा, एमडीएफचा आणि लॅमिनेटचा बारीक चुरा मिसळलेला दिसला. आजच्या फर्निचरच्या कामात अखंड लाकूड कमी आणि चिकटवलेल्या फळ्या जास्त असतात, आणि त्या फळ्यांच्या डिंकात फॉर्माल्डिहाइड असते. अखंड लाकूडच वापरणारा सुतार मिळाला, तरी करवतीचा पिठासारखा भुसा धुळीमुळे चालत नाही. रंध्याखालून निघणाऱ्या मोठ्या, कुरळ्या साली त्यापेक्षा बऱ्या, पण त्या कोणत्या लाकडाच्या आहेत हे विचारलेच पाहिजे.

देवदार हा खरा सीडर वर्गातला वृक्ष आहे. त्याचा सुगंध माणसाला आवडतो. परंतु ज्या सुवासिक द्रव्यांमुळे तो सुगंध येतो, तीच बंद जागेत सतत हुंगावी लागली तर लहान प्राण्यांची श्वसनसंस्था आणि यकृत यांवर ताण देतात. चीड, म्हणजे पाइन, कच्चा असेल तर त्यालाही हाच आक्षेप लागू होतो. भट्टीत वाळवलेल्या पाइनमध्ये ही द्रव्ये बरीच उडून गेलेली असतात, म्हणून पाळीव प्राण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या भट्टीत वाळवलेल्या साली वापरता येतात. सागाच्या भुशाने कातडीला खाज सुटते हे सुतारांना चांगले माहीत असते, तेव्हा साग नको. वाळवीचे औषध मारलेले, पॉलिश किंवा रंग लावलेले लाकूड तर विचारातही घेऊ नये.

शेतातून मिळणाऱ्या वस्तूंविषयीही सावध राहावे. भाताचे तूस कोकणात आणि मावळात गिरणीवर ढिगाने मिळते. पण त्यात सिलिकाचे प्रमाण मोठे असते, कण टोकदार आणि धुळीचे असतात आणि लघवी शोषण्याची ताकद नगण्य असते. भाताचा पेंढा पोकळ आणि ताठ असतो. पाणी शोषत नाही आणि त्याची काडी डोळ्यात जाऊ शकते. ज्वारीच्या कडब्याचे नावही काढू नये. मक्याच्या कणसाचा चुरा ओला झाला की लवकर बुरशी धरतो आणि खाल्ला गेला तर आतड्यात अडकण्याची भीती असते. कोकोपीट पाणी भरपूर धरते, पण ते धरून ठेवते आणि पृष्ठभाग ओलाच राहतो. वाळले की उडते. कुंडीसाठी ते चांगले आहे.

मांजराच्या शौचाच्या ट्रेमध्ये घालतात ती गोळे होणारी माती गिनीपिगसाठी धोक्याची आहे, कारण हा प्राणी समोर येईल ते कुरतडतो आणि ती माती पोटात गेल्यावर फुगते. कापूस आणि सैल धाग्यांचे कापड बोटांभोवती गुंडाळले जाते. सुगंधी अंथरूण हे माणसाच्या नाकासाठी बनवलेले असते, त्याचा प्राण्याला उपयोग नाही. कारखान्यांच्या बॉयलरसाठी विकल्या जाणाऱ्या बायोमास पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या, स्वस्त असतात, परंतु त्या कशापासून बनवल्या आहेत याचा भरवसा नसल्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. मांजरांसाठी विकल्या जाणाऱ्या, फक्त पाइन लाकडाच्या आणि वास न घातलेल्या पेलेटची गोष्ट वेगळी आहे. त्या पुढे उपयोगी पडतील.

पायरी चौथी: उरलेल्या तीन पर्यायांतून आपल्या घराला झेपेल तो निवडावा

इतके वगळल्यावर कागद, लाकडाच्या साली आणि फ्लीसचे कापड हे तीनच पर्याय गंभीरपणे विचार करण्याजोगे उरतात.

रद्दी हा सर्वांत स्वस्त पर्याय आहे आणि त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही, फक्त त्याच्या मर्यादा ओळखाव्यात. वर्तमानपत्राचा कागद थोडी लघवी शोषतो आणि लगेच भिजून जातो, त्याच्यावर पाय घसरतात आणि पांढऱ्या गिनीपिगचे पाय करडे होतात. सहा-आठ पदर घालून, त्यावर वाळलेल्या गवताचा भरपूर थर पसरून, रोज सकाळी सगळे गुंडाळून बाहेर काढण्याची तयारी असेल, तर महिनोन्‌महिने हे चालवता येते. गुळगुळीत चकचकीत पुरवण्या मात्र बाजूला काढाव्यात, त्या शोषत नाहीत. कार्यालयातला यंत्राने कापलेला साधा पांढरा कागद मिळत असेल, तर तो मऊ असतो. लांब फितींपेक्षा बारीक तुकडे बरे, कारण फिती पायात अडकतात. स्टेपलच्या पिना वेचून काढाव्यात, आणि त्या ढिगात दुकानांच्या गुळगुळीत बिलांचे किंवा एटीएमच्या पावत्यांचे कागद नसावेत, त्यांवर रसायनाचा लेप असतो. कागदाच्या लगद्यापासून खास बनवलेले मऊ अंथरूण हे या सगळ्यांत गुणाने सरस आहे. आपल्याकडे ते महाग पडते, म्हणून आजारी किंवा शस्त्रक्रिया झालेल्या प्राण्यासाठी एक छोटी पिशवी घरात ठेवावी.

भट्टीत वाळवलेल्या साली वापरायला सोप्या आहेत: पसराव्यात, ओला झालेला भाग रोज उचलावा, आठवड्याने सगळे बदलावे. पिशवी विकत घेताना ती हलवून पाहावी. तळाशी पिठासारखा चुरा जमलेला दिसला, तर दुसरी मागावी. पिंजऱ्यात घालण्यापूर्वी साली गच्चीत किंवा गॅलरीत मोठ्या चाळणीतून चाळून घेतल्या, तर उरलेली धूळही निघते. ज्यांना कपडे धुण्याचा व्याप नको आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग योग्य आहे, फक्त महिन्याचे लिटर लक्षात ठेवावेत.

फ्लीसवर जरा विस्ताराने बोलायला हवे, कारण परवडण्याच्या दृष्टीने दीर्घकाळ टिकणारा पर्याय तोच आहे आणि त्याच्याविषयी गैरसमजही सर्वांत अधिक आहेत. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टरचे ते मऊ, केसाळ कापड, ज्याची हलकी ब्लँकेटे हिवाळ्यात रस्त्यावरही विकायला असतात. हे कापड स्वतः पाणी शोषत नाही. लघवी त्याच्या आरपार खाली जाते आणि वरचा भाग जवळजवळ कोरडा राहतो, हेच त्याचे वैशिष्ट्य. साहजिकच त्याच्याखाली शोषणारा थर नसेल, तर फ्लीसचा काही उपयोग नाही. नुसते ब्लँकेट घालून दोन दिवसांत वास येतो म्हणून तक्रार करणाऱ्यांनी खालचा थर घातलेलाच नसतो.

नवे फ्लीस दुकानातून आणले की त्यावर पाणी थेंबाथेंबाने उभे राहते, कारण कारखान्यातल्या प्रक्रियेचा लेप त्यावर असतो. ते साध्या डिटर्जंटने तीन-चार वेळा धुवावे आणि कपडे मऊ करणारे फॅब्रिक कंडिशनर अजिबात घालू नये, कारण त्यानेही तसाच लेप बसतो. मग टॉवेलवर फ्लीस अंथरून त्यावर दोन चमचे पाणी ओतावे. मिनिटाभरात पाणी खाली उतरले आणि वर हात फिरवल्यावर किंचित ओलसरच लागले, तर कापड तयार झाले. थेंब तसेच उभे राहिले, तर पुन्हा धुवावे. ही चाचणी न करता घातलेल्या फ्लीसवर गिनीपिग अक्षरशः डबक्यात बसतात.

रचना खालून वर अशी करावी: प्रथम सनपॅक किंवा फ्लेक्स, त्यावर शोषणारा थर, आणि सर्वांत वर फ्लीस. शोषणाऱ्या थरासाठी जुने टर्किश टॉवेल दुहेरी करून घालावेत. टॉवेल कधीही वरच्या बाजूला येऊ देऊ नये, त्याच्या फासांत नखे अडकतात. घरोघरी असलेली जुनी गोधडी या कामात कोणत्याही टॉवेलला मागे टाकते. जुन्या सुती लुगड्यांचे इतके पदर एकत्र शिवलेले असतात की ती भरपूर ओल पिते. पण गोधडी धुणे म्हणजे काय असते हे ज्याने एकदा ती पिळली आहे त्याला विचारावे, आणि जुलैत ती वाळवून दाखवणाऱ्याला नमस्कार करावा. गोधडी वापरायचीच असेल, तर तिचे पिंजऱ्याच्या निम्म्या मापाचे दोन तुकडे करून, कडा शिवून घ्याव्यात. लहान बाळांच्या ड्राय शीटही अनेक जण वापरतात. तिची खालची बाजू पाणी अडवते, त्यामुळे फ्लेक्सची जागा ती घेऊ शकते, मात्र तिच्यावरही टॉवेल आणि फ्लीस लागतेच. औषधाच्या दुकानात मिळणारे, रुग्णांखाली घालण्याचे अंडरपॅड डॉक्टरकडे नेताना पिशवीत फ्लीसखाली घालायला ठीक आहेत. रोजच्या पिंजऱ्यात नकोत, कारण ते कुरतडले तर आतला जेल बाहेर येतो.

फ्लीसचा एक फायदा असा की कापले तरी त्याचे धागे सुटत नाहीत, म्हणून शिवणकाम न येणाऱ्यालाही पिंजऱ्याच्या मापाचे तुकडे कात्रीने करता येतात. किमान दोन संच हवेत, पावसाळ्यात तीन. गिनीपिगला कापडाखाली शिरायला आवडते, म्हणून कडा खाली दुमडून त्यांवर त्याचे घर, बोगदा, खाद्याची वाटी अशा जड वस्तू ठेवाव्यात.

पायरी पाचवी: खर्च एका कोपऱ्यात गोळा करावा

परवडण्याचे खरे गुपित या पायरीत आहे. गिनीपिग खाता खाताच विधी उरकतो, आणि तो दिवसातला बराच वेळ गवत खातो. म्हणजे जिथे गवत, तिथे लघवी आणि लेंड्या. हे ओळखून पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात उथळ ट्रे ठेवावा, ज्याचा काठ चढून जाण्याइतका, म्हणजे सुमारे तीन इंच उंच असेल आणि आत दोन्ही गिनीपिग शेजारी शेजारी बसू शकतील. दीड फूट लांब आणि एक फूट रुंद ट्रे पुरेसा होतो. तळाशी रद्दी, त्यावर एक इंच पाइनच्या पेलेट किंवा साली, आणि सर्वांत वर किंवा काठाला टेकून गवताचा भारा. पेलेट ओल्या झाल्या की फुगून भुसा होतात. तसा भुसा दिसू लागला की ट्रे रिकामा करावा, तो वाळून उडेपर्यंत थांबू नये.

आकडे पाहा. अशा ट्रेला एक इंच थरासाठी साधारण साडेतीन लिटर पेलेट लागतात. दर दोन-तीन दिवसांनी, म्हणजे महिन्यात बारा वेळा बदलले, तरी बेचाळीस लिटर होतात. दुसऱ्या पायरीत संपूर्ण पिंजऱ्यासाठी एकशे साठ लिटर लागत होते, त्याच्या जवळपास पाव साहित्यात काम झाले, आणि उरलेल्या पिंजऱ्यातले फ्लीस तीन-चार दिवस अधिक टिकले. सगळी लघवी ट्रेमध्येच होईल अशी अपेक्षा मात्र करू नये. गिनीपिगला मांजरासारखे शिकवता येत नाही. आपण फक्त त्याच्या सवयीच्या जागी शोषणारे साहित्य ठेवतो. पिंजऱ्यातल्या त्याच्या छोट्या घरात, जिथे तो झोपतो, तिथेही ओल साचते; तिथे फ्लीसचा एक छोटा जादा तुकडा घालून तो रोज बदलावा. मोठा संच धुण्यापेक्षा रुमालाएवढा तुकडा धुणे केव्हाही स्वस्त.

आपापला हिशेब करताना सूत्र सोपे ठेवावे. विकत घ्यायच्या साहित्यासाठी पिशवीची किंमत भागिले मोकळे लिटर, गुणिले महिन्याला लागणारे लिटर. फ्लीससाठी संचांची किंमत भागिले ते टिकतील तेवढे महिने, अधिक डिटर्जंट, पाणी आणि मशीनची वीज. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत राहत असाल, तर पाण्याचा आकडा प्रामाणिकपणे लिहावा. तिथे ट्रेसह रद्दी हा पर्याय फ्लीसपेक्षा शहाणपणाचा ठरू शकतो.

गवत हे अन्न आहे, अंथरूण नाही. ते लघवी शोषत नाही आणि भिजलेले गवत चटकन कुजते. लसूणघास रोज घालणाऱ्यांच्या फ्लीसवर पांढरे, खडूसारखे डाग अधिक दिसतात, कारण त्यात कॅल्शियम भरपूर असते आणि गिनीपिग जादा कॅल्शियम लघवीवाटे टाकतो. प्रौढ प्राण्याला वाळलेले साधे गवत द्यावे. डाग कमी होतात आणि मूतखड्याची भीतीही.

पायरी सहावी: रोजची आणि आठवड्याची स्वच्छता

रोज सकाळी फ्लीसवरच्या लेंड्या छोट्या झाडूने सुपलीत गोळा कराव्यात. वाळलेल्या लेंड्या पटकन निघतात, त्याला पाच मिनिटे पुरतात. धुण्याच्या दिवशी फ्लीस बाहेर नेऊन जोरात झटकावे, चिकटलेले केस आणि गवताच्या काड्या कोरड्या ब्रशने काढाव्यात आणि जुन्या उशीच्या खोळीत घालून तोंड बांधून मग मशीनमध्ये टाकावे. ही खोळ विसरलात, तर मशीनच्या जाळीत अडकलेले केस काढताना आठवेल. घरच्यांच्या कपड्यांबरोबर हे धुऊ नये.

तळाच्या शीटवरचे पांढरे थर घासून निघत नाहीत, कारण ते कॅल्शियमचे असतात. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून पंधरा मिनिटे ओतून ठेवले की ते विरघळतात. पिंजऱ्यात फिनेल वापरू नये. काळे असो वा पांढरे, त्याचा उग्र अंश तळाला राहतो. ब्लीच लघवीच्या अमोनियात मिसळले की विषारी वायू तयार होतो, म्हणून तेही टाळावे. फ्लीसचे जादा संच कपाटात ठेवताना त्यांत डांबरगोळ्या टाकण्याची आपली सवय येथे सोडावी लागते.

पायरी सातवी: ऋतू पाहून बदल करावा

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा, थंड आणि कोरड्या हवेचा. आपला पावसाळा त्याच्यासाठी परका आहे. मुंबईत आणि कोकणात जूनपासून कोणतेच कापड वेळेत वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेले फ्लीस घालणे हे न बदलण्याइतकेच वाईट. या चार महिन्यांत जाड टॉवेलऐवजी पातळ टॉवेलचे अधिक पदर घालावेत, ते पंख्याखाली रात्रीत वाळतात. फ्लीसचा भाग कमी करून ट्रेचा भाग वाढवावा. विकत आणलेल्या सालींची पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि कुबट वास आला तर ती न वापरता टाकून द्यावी. बुरशीमुळे होणारे गजकर्ण गिनीपिगकडून माणसालाही होते, तेव्हा कातडीवर गोल, केस गेलेले चट्टे दिसले तर हात धुऊन डॉक्टर गाठावा. माशा हा दुसरा धोका: ढुंगणाशी लघवीने ओले राहिलेल्या प्राण्यावर त्या अंडी घालतात आणि फार थोड्या वेळात अळ्या होतात. पावसाळ्यात दिवसातून एकदा प्राण्याला उचलून ढुंगणाकडची बाजू पाहावी.

विदर्भात आणि मराठवाड्यात उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. गिनीपिगला अठरा ते चोवीस अंश सेल्सियस मानवते आणि तापमान तिशीकडे गेले की उष्माघाताची भीती सुरू होते. अशा दिवसांत जाड अंथरूण उष्णता धरून ठेवते, म्हणून थर पातळ करावा आणि एका बाजूला शहाबादी फरशीचा गुळगुळीत तुकडा ठेवावा. गिनीपिग आपणहून त्यावर पसरतात. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर घेतला तर अंथरूण दमट होते, तो भिंतीकडे वळवावा. नाशिक-पुण्याच्या थंडीत फ्लीसचा एक पदर वाढवला आणि आत शिरायला फ्लीसचीच पिशवी दिली की पुरते.

पायरी आठवी: पहिले दोन आठवडे पारख करावी

निवडलेले अंथरूण योग्य आहे का, हे तीन गोष्टींवरून कळते. रोज सकाळी साफसफाईच्या आधी आपले नाक पिंजऱ्याच्या तळाजवळ न्यावे. डोळे चुरचुरले किंवा उग्र वास आला, तर बदलण्याचा अवधी कमी करावा. कोरडा टिशू पेपर अंथरुणावर दाबून पाहावा, तो भिजला तर खालचा थर अपुरा आहे. आठवड्यातून एकदा वजन करताना चारही तळवे पाहावेत. शिंका, नाकाभोवती चिकटपणा, श्वासाचा घरघर आवाज किंवा खाणे मंदावणे यांपैकी काही दिसले, तर अंथरूण बदलून वाट पाहत बसू नये, लहान प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडे त्याच दिवशी न्यावे. घरातले उरलेले ॲमॉक्सिसिलिन तर चुकूनही देऊ नये. पेनिसिलिन गटातली औषधे गिनीपिगच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मारतात आणि त्याने जीव जाऊ शकतो.

एका अंथरुणावरून दुसऱ्यावर जाताना अर्धा पिंजरा आधी बदलावा आणि जुन्यातले मूठभर नव्यात टाकावे. आपला वास नाहीसा झाला की हे प्राणी बावरतात, आणि नर असतील तर जागेवरून भांडतातही.

पायरी नववी: निघालेले अंथरूण टाकावे कुठे

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांपासून ओला आणि सुका कचरा वेगळा करून देणे आपल्यावर बंधनकारक झाले आहे. लेंड्या, भिजलेले गवत, लाकडी भुसा आणि ओला कागद हे कुजणारे आहे, म्हणून ओल्या कचऱ्यात जाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देऊ नये. सोसायटीत कंपोस्टचा खड्डा असेल, तर हा माल तिथे आनंदाने घेतात, कारण नुसत्या भाजीच्या देठांनी चिकट झालेल्या ढिगाला भुसा आणि गवत मोकळे करतात. घरी करायचे झाल्यास भोके पाडलेल्या जुन्या बादलीत थोडी माती आणि हा पसारा यांचे थर द्यावेत आणि आठवड्याने एकदा खाली-वर करावे. आजारी प्राण्याच्या पिंजऱ्यातले काही त्यात टाकू नये. खत काळे, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचे झाल्याशिवाय कुंडीत घालू नये, आणि ज्या कुंडीतली कोथिंबीर गिनीपिगलाच खाऊ घालायची आहे, तिला तर पूर्ण कुजलेलेच खत घालावे.